नूमी रापास नक्की कुठली? स्वीडनची, स्पेनची की आइसलँडची?

मृण्मयी_क:

नमस्कार मंडळी, परवा रात्री 'लँब' बघितला आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. आइसलँडचा सिनेमा आहे, डोंगराच्या पायथ्याशी एक नवरा-बायको मेंढ्या पाळून राहतात, आसपास माणूस म्हणून नाही, आणि एक दिवस गोठ्यात जे जन्माला येतं ते... जाऊ दे, ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी सांगत नाही. सुरुवातीला कितीतरी वेळ कोणी काही बोलतच नाही, नुसता वारा आणि मेंढ्यांचे आवाज, आणि तरी त्या मारियाच्या घरात काहीतरी दुःख होऊन गेलंय हे आपल्याला तिच्या पाठमोऱ्या बसण्यावरूनसुद्धा कळतं. मी धरूनच चालले होते की ही तिकडचीच कोणीतरी गावाकडची बाई असणार, इतकी ती त्या मातीतली वाटते.

तर भावाला सांगितलं तर तो म्हणाला, अगं ही नूमी रापास, स्वीडिश आहे, 'गर्ल विथ द ड्रॅगन टॅटू' मधली ती केस कापलेली पोरगी हीच. मला पटेचना. मग शोधलं तर वडील स्पॅनिश निघाले, आडनाव ऐकायला फ्रेंच, सिनेमे अर्धे इंग्रजी. आता मला खरंच जाणून घ्यायचंय की ही बाई नक्की कुठली, आणि इतक्या भाषांमध्ये ती परकी कशी वाटत नाही? आणि पुढे काय बघू तेही सांगा प्लीज, भीतीदायक चालेल पण नुसती मारामारी नको.

उत्तरवारा:

मृण्मयी, भाऊ बरोबर आहे, पण तुझाही अंदाज पूर्ण चुकलेला नाही. जरा लांबण लागेल, माझी आवडती अभिनेत्री आहे त्यामुळे समजून घे.

नूमीचा जन्म २८ डिसेंबर १९७९ चा, स्वीडनमधल्या हुडिक्सवाल गावचा. आई नीना नोरेन, स्वतः अभिनेत्री. वडील रोहेलिओ दुरान, स्पेनमधल्या बादाखोसचे, फ्लामेंको गायक. म्हणजे अर्धी स्वीडिश आणि अर्धी स्पॅनिश असं लिहून मोकळं होता येतं आणि बहुतेक जण तसंच लिहितात. पण खरी गंमत पुढे आहे. वडील तिच्या लहानपणात जवळजवळ नव्हतेच, ती आईजवळ वाढली, आणि ते २००६ साली गेले सुद्धा, म्हणजे ती जगभर माहीत व्हायच्या तीन वर्षं आधीच. आणि ती ५ वर्षांची असताना आई आणि आइसलँडच्या सावत्र वडिलांबरोबर आइसलँडला गेली, फ्लूदिर नावाच्या छोट्या गावात. आता विचार कर, पाच वर्षांचं पोर, जेमतेम एक भाषा तोंडात बसलेली, आणि अचानक आजूबाजूला सगळे दुसरंच काहीतरी बोलतायत. अशा वेळी मुलं काय करतात, तर बघत राहतात. कोण कसं उभं राहतं, कोणाच्या भुवया कधी वर जातात, कोण हसतंय पण चिडलेलं आहे. शब्द कळायच्या आधी माणसं कळायला लागतात. 'लँब' मध्ये तू जे पाठमोरं बसणं म्हणालीस ना, मला कायम वाटतं ते तिथून आलंय.

आणि पहिला सिनेमाही तिथलाच. ७ वर्षांची असताना 'डोमकावळ्याच्या सावलीत' अशा अर्थाच्या नावाचा एक आइसलँडिक सिनेमा शूट होत होता, व्हायकिंगांच्या काळातला, ह्राफ्न गुनलाउगसन दिग्दर्शक, १९८८ ला आला. त्यात तिला एक बारीकसं काम मिळालं, एकही वाक्य नसलेलं. तिने नंतर सांगितलंय की तेव्हाच ठरवलं होतं आपण हेच करायचं.

म्हणून मला ते 'अर्धी ही, अर्धी ती' वाचलं की अपुरं वाटतं. रक्तातून आलेला स्पेन तिच्या रोजच्या जगण्यात फारसा नव्हताच, आणि ज्या देशाशी तिचं रक्ताचं काहीच नातं नाही त्या आइसलँडने तिला भाषा दिली आणि पहिला कॅमेराही दिला. 'लँब' २०२१ चा, म्हणजे तीस-बत्तीस वर्षांनी ती त्याच भाषेत काम करायला परत गेली. त्यात ती मेंढी व्यायला लागल्यावर कोकरू हाताने ओढून बाहेर काढते तो सीन आठवतोय? ते खरंच आहे, खरी मेंढी, खरं कोकरू. हात कुठे धरायचा, किती जोर लावायचा, मग कोकराचं तोंड कसं पुसायचं, कुठेही अडखळत नाही ती. लहानपणी फार्मवर राहिलेली आहे, आधी आइसलँडमध्ये आणि मग स्वीडनला परत आल्यावर दक्षिणेकडे स्कोनेमध्ये. कान फेस्टिवलमध्ये 'अन सर्टन रिगार्ड' विभागात त्या सिनेमाला ओरिजिनॅलिटीचं बक्षीस मिळालं होतं.

आडनावाचं पण सांगतो. रापास हे घराण्याचं आडनाव नाहीच. २००१ ला तिने ओला नोरेल या अभिनेत्याशी लग्न केलं तेव्हा दोघांनी मिळून नवीन आडनाव निवडलं, फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ शिकारी पक्षी. २०११ ला वेगळे झाले पण आडनाव दोघांनीही ठेवलं. 'स्कायफॉल' मध्ये बाँड ज्याच्याशी शांघायच्या उंच बिल्डिंगीत मारामारी करतो तो पॅट्रिस, तोच ओला रापास.

शरद_जोगळेकर:

छान लिहिलंय उत्तरवारा. मी रंगभूमीच्या बाजूने थोडी भर घालतो, कारण सिनेमावाले हा भाग नेहमी गाळतात.

ही मुलगी १५ व्या वर्षी घर सोडून स्टॉकहोमला आली, नाटकाचं शिक्षण घ्यायला. आणि १९९६ ला तिला टीव्हीवर पहिलं काम मिळालं ते 'त्रे क्रूनोर' या मालिकेत. पात्राचं नाव काय, तर लुसिंडा गोन्साल्वेस की गोन्सालेस असं काहीतरी स्पॅनिशच. आता बघा, स्वीडनमध्ये जन्मलेली, स्वीडिश आईने वाढवलेली मुलगी, आणि पडद्यावर पाऊल ठेवलं तर परदेशी नावाची. वडील घरात नव्हते पण कास्टिंगवाल्यांना ते चेहऱ्यात बरोबर दिसले. पुढे २०११ ला हॉलिवूडमध्ये पहिलं मोठं काम आलं, शेरलॉक होम्सच्या दुसऱ्या भागात, ते पण सिम्झा नावाच्या रोमा, म्हणजे जिप्सी, भविष्यवालीचं. म्हणजे स्टॉकहोम असो की हॉलिवूड, पहिल्यांदा दार उघडताना तिला 'बाहेरची' म्हणूनच उभं केलं. मला हे फार खटकतं, कारण त्या मधल्या वर्षांत तिने स्टॉकहोमच्या रंगभूमीवर मन लावून काम केलंय, ड्रामाटेनसारख्या राष्ट्रीय नाट्यगृहात सुद्धा, आणि तिथे आवाज आणि शरीर कमावल्याशिवाय कोणी उभं करत नाही.

आणि मृण्मयीताई, तुम्हाला काय बघायचं विचारलंत तर 'डेझी डायमंड', २००७, डॅनिश सिनेमा, सिमॉन स्टाहोचा. अभिनेत्री व्हायला स्वीडनहून कोपनहेगनला आलेली एक एकटी तरुण आई आणि तिचं सतत रडणारं तान्हं बाळ. फार फार त्रासदायक आहे, मनाची तयारी करूनच बघा, आणि घरात लहान बाळ असेल तर नकाच बघू. पण डेन्मार्कचे बोडिल आणि रॉबर्ट हे दोन्ही मोठे पुरस्कार तिला त्यासाठी मिळाले, आणि सालांडेरच्या, म्हणजे 'ड्रॅगन टॅटू' मधल्या त्या केस कापलेल्या पोरीच्या, आधीच ती काय ताकदीची होती ते तिथे दिसतं.

निखिल_स:

माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नका. 'ड्रॅगन टॅटू' चा हॉलिवूडवाला, म्हणजे डेव्हिड फिंचरने केलेला आणि नूमीच्या जागी रूनी मारा असलेला, मला जास्त आवडतो. फोटोग्राफी, संगीत, सगळंच वरच्या दर्जाचं आहे आणि माराला ऑस्कर नामांकनही मिळालं होतं. स्वीडिशवाला बघताना टीव्ही मालिका बघतोय असं वाटतं. आणि हॉलिवूडमध्ये गेल्यावर नूमीने जे सिनेमे निवडले त्यातले निम्मे विसरण्यासारखे आहेत. 'ब्राइट' मध्ये तर ती आहे हेच मला नंतर कळलं. अभिनेत्री चांगली आहे यात वाद नाही पण करिअर म्हणून बघितलं तर २०१२ नंतर उतरती कळा लागली असं मला तरी वाटतं.

उत्तरवारा:

निखिल, राग कसला, पण उत्तर देणारच.

टीव्ही मालिका वाटते त्याला कारण आहे. 'ड्रॅगन टॅटू' आणि त्याचे पुढचे दोन भाग, ते तीनही स्वीडिश सिनेमे २००९ मध्ये एकाच वर्षात आले, पहिला नील्स आर्डेन ऑप्लेव्हचा, पुढचे दोन डॅनियल आल्फ्रेडसनचे, आणि पुढचे दोन मुळात टीव्हीसाठीच करायचं ठरलं होतं, पहिला एवढा चालला म्हणून ते थिएटरला आले. पैसा, वेळ, सगळंच फिंचरच्या मानाने कमी. पण म्हणूनच तर मला नूमीचं काम जास्त मोठं वाटतं, कारण तिच्यामागे ती झगमग नव्हती, जे काय आहे ते तिने अंगावर घेतलं.

तयारी काय केली ते बघ. सात महिने थाय बॉक्सिंग आणि किकबॉक्सिंग, मोटरसायकलचं लायसन्स काढलं, केस कापले, टोचणं खोटं चालेल म्हणाले असते पण तिने नाक-भुवई खरंच टोचून घेतली. आणि शूटिंगच्या शेवटच्या दिवशी निर्माते शॅम्पेन घेऊन आले तेव्हा ती बाथरूममध्ये उलट्या करत होती, हे तिनेच मुलाखतीत सांगितलंय, अंगातून सालांडेर बाहेर पडत होती जणू. माराची सालांडेर मला पण आवडते, ती जखमी पाखरासारखी आहे, बघून वाटतं कोणीतरी हिला जवळ घ्यावं. नूमीच्या सालांडेरला जवळ घ्यायची तुझी हिंमतच होणार नाही. मूळ कादंबरीचं स्वीडिश नाव 'बायकांचा द्वेष करणारे पुरुष' असं आहे, आणि त्या नावाला साजेशी मला नूमीचीच वाटते. स्वीडनचा गुल्डबागे हा सिनेमाचा पुरस्कार मिळाला तिला त्यासाठी, आणि २०११ ला बाफ्टाचं नामांकन, इंग्रजी सोडून दुसऱ्या भाषेतल्या भूमिकेला, हे रोज होत नाही.

आता उतरती कळा. 'प्रोमिथियस' तर तू धरलाच असशील चांगल्यात. त्यात ती पोटात वाढणारा परग्रहावरचा जीव काढण्यासाठी ऑपरेशनच्या मशीनमध्ये शिरते आणि मशीन सांगतं की हे फक्त पुरुषांसाठी सेट केलेलं आहे. तिच्या चेहऱ्यावर अर्धा सेकंद जे येतं ते बघ, रडायला वेळ नाही, चिडायला वेळ नाही, लगेच बोटं दुसरी बटणं शोधायला लागतात. मग पोट फाडून स्टेपल मारलेल्या अवस्थेत ती कॉरिडॉरमधून धडपडत जाते आणि पुढचा अर्धा सिनेमा ती वेदना विसरत नाही, प्रत्येक उडीला हात पोटाकडे जातो. बाकीचे हिरो पुढच्या सीनला बरे झालेले असतात.

आणि नंतरचंही सांगतो. 'द ड्रॉप' २०१४, टॉम हार्डीबरोबर, ब्रुकलिनमधली नादिया, कमी बोलणारी, मानेवर जुन्या जखमेचे वण असलेली. 'व्हॉट हॅपन्ड टू मंडे' २०१७, एकाच चेहऱ्याच्या सात बहिणी, सोमवार ते रविवार नावं, आणि सातही जणी ती एकटी. कथा थोडी फसलीय मान्य, पण आवाज बंद करून बघ, चालण्यावरून कोण गुरुवार आणि कोण शनिवार ते ओळखू येतं. २०२२ ला 'यू वोंट बी अलोन', मॅसेडोनियातल्या डोंगरातली १९ व्या शतकातली चेटकिणीची गोष्ट, तिथल्या बोलीत. त्याच वर्षी 'ब्लॅक क्रॅब', स्वीडिशमध्ये, गोठलेल्या समुद्रावरून आइस स्केट्स घालून रात्रीची जाणारी सैनिकांची तुकडी. मग २०२४ ला 'कॉन्स्टेलेशन', अंतराळवीर. म्हणजे स्वीडिश, डॅनिश, आइसलँडिक, इंग्रजी, मॅसेडोनियन. मला ही उतरती कळा वाटत नाही रे, मला वाटतं ती मुद्दाम इकडेतिकडे जात राहते, एका जागी बसली की तिला करमत नसावं.

केतकी_व:

मध्येच येतेय, पण हा धागा वाचून एक गोष्ट सांगावीशी वाटली. मी स्वीडिश सिनेमे बरेच बघते आणि एकदा लक्षात आलं की मला आवडणारे निम्मे लोक असेच दोन देशांच्या मधले आहेत. रेबेका फर्ग्युसन स्टॉकहोमची, वडील स्वीडिश, आई इंग्रज. योएल किनामान, 'द किलिंग' मधला होल्डर, त्याचे वडील अमेरिकन, व्हिएतनाम युद्धाच्या वेळी सैन्य सोडून पळाले आणि फिरत फिरत स्वीडनला पोचले, आणि आई स्वीडिश ज्यू. त्या काळात असे बरेच अमेरिकन तरुण स्वीडनमध्ये येऊन राहिले होते. मग फारेस फारेस, तो मिश्र नाही म्हणता येणार, जन्मच बैरूतचा, लेबनॉनमधल्या युद्धामुळे कुटुंब स्वीडनला आलं, पण वाढला तिकडेच.

आणि यातल्या बऱ्याच जणांना ज्याने एकत्र आणलं तो दिग्दर्शक डॅनियल एस्पिनोसा, तो पण चिलीच्या वडिलांचा. त्याने २०१० ला 'स्नाब्बा काश' केला, योएल किनामान त्यात गरीब घरातला पण श्रीमंत पोरांमध्ये वावरणारा विद्यार्थी, उसन्या रुबाबासाठी कोकेनच्या धंद्यात शिरतो. शर्टाची तुटलेली बटणं तो स्वतः शिवत बसतो तो सीन मी कधी विसरणार नाही, ती बटणं त्याने दुसऱ्या महागड्या शर्टाची आणलेली असतात म्हणजे शर्ट महाग वाटावा. त्या भूमिकेला त्यालाही गुल्डबागे मिळाला. मग २०१५ ला एस्पिनोसाने 'चाइल्ड ४४' केला, स्टालिनच्या काळातल्या रशियाची गोष्ट, आणि त्यात नूमी, योएल आणि फारेस तिघंही आहेत. सिनेमा चालला नाही, रशियात तर प्रदर्शितच होऊ दिला नाही. पण एका पडद्यावर ते सगळे बघताना मला आनंद झाला, कारण स्वीडिश म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर सोनेरी केसांचा उंच माणूसच येतो, आणि इथे स्वीडनचं खरं आजचं रूप उभं होतं.

शरदकाका, तुमचं ते कास्टिंगचं पटलं. योएलच्या बाबतीत उलटं झालंय बघा, तो दिसायला अगदी 'स्वीडिश' म्हणून अमेरिकेत कोणी त्याला परका म्हणत नाही, सरळ रोबोकॉप आणि 'हाउस ऑफ कार्ड्स' मध्ये अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष व्हायला निघालेला उमेदवार. तो पण मिश्र आणि ती पण मिश्र, पण चेहरा कोणाकडे गेला त्यावर वाटा ठरतात.

शरद_जोगळेकर:

केतकी, हे लाख बोललीस. आणि वर मी लुसिंडाचं आडनाव घोटाळलं होतं, गोन्सालेसच बरोबर.

एक राहिलंच. नूमीचा २०२५ चा सिनेमा आहे 'मदर', त्यात ती मदर तेरेसा झालीये. तेओना स्त्रुगार मितेव्हस्का दिग्दर्शक, त्या स्कोप्येच्या, आणि मदर तेरेसांचा जन्मही स्कोप्येचाच. गोष्ट १९४८ च्या कलकत्त्यातली, लोरेटो कॉन्व्हेंट सोडून स्वतःची संस्था काढायच्या आधीचे सात दिवस. म्हणजे संत वगैरे व्हायच्या कितीतरी आधीची, हट्टी, शिस्तीची, स्वतःच्याच मनाशी भांडणारी बाई. व्हेनिस फेस्टिवलमध्ये ओरिझोंती विभागाची सुरुवात या सिनेमाने झाली. विचार करा, अल्बेनियन घरात जन्मलेली, मॅसेडोनियातून आयर्लंडमार्गे कलकत्त्याला आलेली, कुठलीच एका ठिकाणची नसलेली बाई, आणि ती करायला कोणाला बोलावलं तर नूमीला. या वेळी मात्र 'बाहेरची' म्हणून घेतली असं मला वाटत नाही.

मृण्मयी_क:

बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार. शरदकाका, 'डेझी डायमंड' सध्या बाजूला ठेवतेय, बहिणीचं बाळ घरात आहे, तुम्ही सांगितलंत ते बरं झालं.

या शनिवार-रविवारी स्वीडिशवाले तिन्ही बघून टाकले, सबटायटल लावून, डबिंग नाही. निखिल, दुसरा खरंच टीव्हीसारखा आहे, तुझं तेवढं बरोबर. पण तिसऱ्यात ती जवळजवळ सगळा वेळ आधी हॉस्पिटलच्या पलंगावर आणि मग कोठडीत आहे, डोक्याला गोळी लागलेली, बोलणं नाहीच, आणि पोलीस, डॉक्टर, वकील सगळे येऊन तिच्याबद्दल तिच्यासमोर बोलतायत. आणि मग कोर्टाचा दिवस येतो आणि ती आत येते ती केसांचा उभा तुरा, काळा मेकअप, टोचलेलं सगळं परत घालून. न्यायाधीशांसमोर चांगली मुलगी दिसायचा प्रयत्नच नाही. तिथे मी एकटीच हॉलमध्ये उठून उभी राहिले होते. आणि मग परत 'लँब' लावला, नुसती पहिली वीस मिनिटं. तोच चेहरा आहे हे माहीत असूनही मला ती सापडली नाही त्यात, मारियाच दिसत होती.

उत्तरवारा, 'यू वोंट बी अलोन' लहान मुलांसमोर लावण्यासारखा आहे का तेवढं सांग, नाहीतर रात्री उशिरा बघीन.

उत्तरवारा:

अजिबात नाही, रक्तबंबाळ आहे. रात्रीच बघ, आणि हेडफोन लाव, त्यातलं कुजबुजणं स्पीकरवर हरवतं.